पत्र्यातली कमान, भंगारातला बोल्ट

हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या पाहायला जायचे, तर ऊन तिरके असतानाच पोहोचावे. आम्ही भिसेगावची माणसे त्यासाठी पहाटेची कर्जत लोकल धरतो. सीएसएमटीला उतरून फोर्टातून चालत निघाले की थोड्याच वेळात बागेचे लोखंडी कुंपण दिसू लागते. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा मेळावा इथे वर्षानुवर्षे भरत आला आहे आणि गाडी पारखायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. १८७२ साली पूर्ण झालेल्या या वर्तुळाभोवती एकाच उंचीच्या, एकाच घाटाच्या इमारती वळणाने उभ्या आहेत. खाली कमानींची अखंड रांग. गाडी त्या रांगेसमोर उभी राहिली की कमानी तिच्या दारांवर उमटतात आणि गाडीचे सगळे गुपित तिथेच उघडे पडते.

पुढच्या मडगार्डच्या टोकाशी गुडघ्यांवर बसावे आणि नजर पत्र्याला जवळजवळ टेकवून मागच्या दिव्यापर्यंत न्यावी. रंगाकडे पाहायचे नाही, रंगात पडलेल्या कमानीकडे पाहायचे. पुढच्या दारातली कमान फट ओलांडून मागच्या दारात त्याच वळणाने गेली, तर पत्रा खरा. ती मध्येच दचकली किंवा पोटात फुगली, तर तिथे कधीतरी ठोकर बसली आहे आणि वर लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर चढवून घासले आहेत. चांगला डेन्टर लांबीवर विसंबत नाही. आतून डॉली धरून बाहेरून हातोडीने हलकेच ठोकत तो पत्र्याला त्याच्या मूळ वळणावर परत आणतो. लांबी उरतेच, पण ती कागदाइतकी. अशा दारावरून कमान सरळ चालत जाते, तेव्हा गाडीच्या मूळ कारागिराइतकेच कुर्ल्याच्या किंवा भायखळ्याच्या एखाद्या गॅरेजमधले हात तिथे दिसू लागतात. त्या हातांचे नाव कोणत्याही पाटीवर नसते.

वर्तुळाच्या पश्चिमेला चर्चगेटकडे जाणारा रस्ता, पूर्वेला टाऊन हॉल. या टाऊन हॉलसमोर एखादी रोल्स रॉइस लावलेली असली, तर दोघांना एका नजरेत घ्यावे. १८३३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचे दर्शनी खांब ग्रीक डोरिक पद्धतीचे आहेत आणि रोल्सचा रेडिएटरही ग्रीक देवळाच्या दर्शनी भागावरूनच बेतलेला आहे. वर त्रिकोणी उतार, खाली उभ्या पट्ट्या. पण खरी गंमत पट्ट्यांच्या आणि कडांच्या सरळपणात आहे. त्या पूर्ण सरळ नसतात. तंतोतंत सपाट पृष्ठ डोळ्यांना किंचित आत दबल्यासारखे भासते, म्हणून रेडिएटरच्या कवचाला अगदी बारीक फुगवटा ठेवलेला असतो. ग्रीकांनी खांबांबाबत केले तेच. तो फुगवटा फूटपट्टी लावल्याशिवाय सापडत नाही, आणि तो नसता तर ही गाडी इतकी करारी दिसली नसती. कोपऱ्यांवरच्या डागकामाची धार पाहावी. ती कापल्यासारखी हवी. पॉलिश करता करता अनेक मालकांनी ती गोल करून टाकली आहे. ज्या गाडीची धार अजून शाबूत आहे, तिचे चकाकणे थोडे कमी असले तरी मी तिच्यापाशीच रेंगाळतो.

महाराजांच्या गाड्यांभोवती गर्दी फार होते आणि ती होणारच. तोवर शेजारच्या शेवरोलेटकडे वळावे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, ती १९५४ पर्यंत चालली. म्हणजे त्या काळातली शेवरोलेट ही बंदरातून सुट्या भागांच्या पेट्यांत येऊन मुंबईच्या कामगारांनी उभी केलेली असू शकते. १९२९ सालापासून तिला सहा सिलिंडरचे इंजिन मिळाले. त्या काळात कमी किमतीच्या गाडीला चारच सिलिंडर असायचे, म्हणून ही मोठी उडी होती. मात्र बॉनेटआधी दार पाहा. तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत या गाड्यांचा सांगाडा लाकडी असे. लाकडाच्या चौकटीवर पत्रा खिळवलेला. दार लावताना जो आवाज येतो तो पत्र्याचा खणखणाट नसतो, जुन्या शिसवी कपाटाचे दार मिटावे तसा भरीव, खालच्या सुरातला असतो. तो आवाज आला की समजावे, लाकडाचे सांधे अजून घट्ट आहेत. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात नव्वद वर्षे लाकूड कुजू न देणे हे त्या गाडीवरचे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते रंगाच्या आत झाकलेले राहते.

त्याच गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर काचेचा छोटा गोल तापमापक बसवलेला आढळेल. चालकाने समोरच्या काचेतून त्याच्याकडे पाहायचे आणि पाणी किती तापले ते ओळखायचे. बोरघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला त्या एवढ्याशा काचेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या थांबत, देवाला नाणे टाकले जाई आणि इंजिनही निवत असे. तापमापकाच्या काचेत लाल रेघ शिल्लक असली, तर ती गाडी तिच्या काळात कुठे कुठे थांबली असेल याचा अदमास बांधण्यात मी खुशाल दहा मिनिटे घालवतो.

मॉरिस मायनर ही मेळाव्यातली सगळ्यात दुर्लक्षित गाडी. लहान, गोलसर, मवाळ. लोक तिच्याकडे पाहून हसतात आणि पुढे जातात. त्यांनी बॉनेटच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी चपटी पट्टी पाहिलेली नसते. अॅलेक इसिगोनिस यांनी ही गाडी आखली, नमुना तयार झाला, आणि उत्पादनाच्या तोंडावर त्यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना मधोमध कापवला आणि दोन्ही अर्धे लांब सरकवत नेऊन प्रमाण जुळले तिथे थांबले. अंतर भरले ४ इंच. बॉनेटवरची पट्टी ही त्या ४ इंचांची खूण आहे. सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरचीही मापे आधीच ठरून गेली होती, म्हणून बंपर मध्ये कापून तिथे जोड घातला गेला. १९४८ सालच्या आसपासची मायनर दिसली तर बंपरचा तो जोड नक्की शोधावा. शेवटच्या घटकेला आपले काम कापायला तयार असलेला कलावंत त्या जोडात दिसतो. रुंदी वाढल्यावर गाडी अशी काही रस्त्याला बिलगून बसली की आज कुणालाही ती मुळात वेगळ्या मापाची होती असे वाटणार नाही.

जीपसमोर उभे राहून मात्र आधी मोजायचे असते. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपच्या दाबून काढलेल्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. महिंद्रांनी १९४७ साली माझगावला विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्या परंपरेतल्या पुढच्या जीपचे बॉनेट उंच असे. तिच्यात बसवलेले नवे इंजिन वरच्या बाजूने उंच होते, ते झाकायला बॉनेट वर घ्यावे लागले. आपल्याकडचे जाणकार सरळ ‘हाय बॉनेट’ आणि ‘लो बॉनेट’ अशा दोनच जाती सांगतात. लो बॉनेटला मान मोठा, म्हणून हाय बॉनेटचे लो बॉनेट करण्याचा धंदाही चालतो. ते सोंग ओळखायचे तर बोल्ट पाहावेत. युद्धकाळात विलिजच्या जोडीने फोर्डनेही जीप बनवल्या आणि फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही इंग्रजी एफ हे अक्षर उमटवले. शेकडो बोल्टांपैकी चार-सहा एफ छापाचे निघाले तरी मालकाचा चेहरा फुलतो. एखाद्या जीपला ओळीने सगळे तसेच बोल्ट दिसले, तर त्या मालकाने किती भंगारवाल्यांच्या डब्यांत हात घातले असतील याचा विचार करून मी मनोमन नमस्कार करतो.

आणि आता फियाट. परदेशी नजरेला ही गाडी साधी वाटेल, पण मराठी घरांत सर्वांत जास्त आठवणी हिच्याच आहेत. मी तिच्यापाशी थांबतो ते मात्र आठवणींसाठी नव्हे. तिची घडण खरोखर थांबायला लावणारी आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या बाहेर पडल्या आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. हीच आपली डुक्कर फियाट. फियाटमध्ये ही गाडी दान्ते जिआकोसा यांच्या हाताखाली आखली गेली. तिला वेगळी चॅसी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळूनच सगळा भार उचलतात. बाजूने पाहिले तर पुढचे दार मागच्या बाजूला बिजागरीवर टांगलेले आणि मागचे दार पुढच्या बाजूला. दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच सडपातळ खांबावर. दोन्ही दारे उघडली की गाडी दोन्हीकडे पंख पसरून उभी राहते. पाहायचा आहे तो हा खांब. गेली सत्तर वर्षे त्याने एकट्याने दोन दारांचे वजन पेलले आहे. दारे बंद असताना पुढच्या हँडलपासून मागच्या हँडलपर्यंत डोळ्यांनी दोरी ताणा. दोन्ही हँडले एका पातळीत असली आणि दारांखालची फट दोन्ही टोकांना सारखी असली, तर खांब जागचा हललेला नाही. एवढ्या बारीक खांबाकडून एवढे काम करून घेणाऱ्या आखणीचे मला प्रत्येक वेळी नव्याने अप्रूप वाटते.

१९६४ साली तिची जागा डिलाइटने घेतली. दारे आता नेहमीसारखी पुढच्या बाजूला टांगलेली. गोलाई गेली, कडा आल्या. डिलाइटचे सौंदर्य एका रेषेत आहे. ती पुढच्या दिव्याच्या वरून निघते, खिडक्यांच्या खालून दोन्ही दारे ओलांडते आणि मागच्या बाजूला छोट्याशा पंखात संपते. अमेरिकन गाड्यांचे पंख त्याआधीच्या काही वर्षांत आकाशात घुसत होते. इथे तो फक्त सुचवलेला आहे, मागच्या दिव्याला टेकण्यापुरता. पाच माणसांच्या गाडीला जेवढा तोरा शोभेल तेवढाच तोरा, आणि प्रमाणाची ही समज मला पंखवाल्या कुठल्याही महागड्या गाडीपेक्षा मोठी वाटते. पुढच्या दारातली तिकोनी काचही विसरू नये. ती जरा फिरवली की वारा नेमका चालकाच्या छातीवर येतो. पूर्ण फिरवली की तो आत ओढला जातो. एप्रिलच्या उकाड्यात वीज न लागणारी एवढी चोख सोय नंतरच्या गाड्यांनी का टाकली याचे मला मनापासून वाईट वाटते.

बॉनेट उघडले की चार सिलिंडर, १०८९ सीसी. ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव. हीच मापे फियाटने १९३७ च्या ११०० साठी ठरवली होती. १९७४ नंतर प्रीमियर पद्मिनी या नावाने शतकाच्या शेवटापर्यंत कुर्ल्यात बनलेल्या पेट्रोल गाड्यांतही तीच राहिली. एकाच मापाचे इंजिन साठ वर्षे चालले याला कुणी आळस म्हणेल. मला त्यात हिशेबाचा अचूकपणा दिसतो. धाव व्यासापेक्षा जास्त, म्हणून कमी वेगातही ओढ चांगली. घाटात खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास कण्हत चढणे याच इंजिनाला जमले. गिअर स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढे सलग बाक आणि त्यावर तिसरा माणूस. गिअर टाकून पाहायला मालक देत असेल तर नक्की टाकून पाहावा. लांब दांड्यांच्या जोडांतून हाताची हालचाल गिअरपेटीपर्यंत पोहोचते आणि त्या प्रत्येक जोडात झीज होते. नीट राखलेल्या गाडीत दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येताना दांडा मनगटाच्या एका वळणाने सरकतो आणि आपल्या जागी आल्याची बारीक टक्‌ बोटांना जाणवते. ती टक्‌ जपण्यासाठी कुणीतरी प्रत्येक बुश नवा कातून घेतलेला असतो.

मेळाव्याचा सगळ्यात चांगला क्षण डोळ्यांचा नसून कानांचा आहे. ताफा सुटायच्या आधी चोक ओढून गाड्या एकामागून एक सुरू होतात. या बाबतीत आम्ही कर्जतकडची माणसे थोडी नशीबवान. ३७ फुटांना १ फुटाचा चढ असलेल्या बोरघाटासाठी कर्जतला रेल्वेगाडीमागे जादा इंजिने लावतात, त्यांचे जोर लावणे ऐकतच भिसेगावची मुले मोठी होतात. इंजिन ओढते आहे की नुसते ओरडते आहे, हा फरक कानाला आपोआप कळू लागतो. जुन्या शेवरोलेटचे सहा सिलिंडर कमी वेगात मऊ, सलग चालतात. फियाटचे चार जरा तुटक, पण चोक आत गेला की तेही एका लयीत येतात. सगळ्यात चांगला आवाज तो, ज्यात वेगळे असे काही ऐकूच येत नाही. व्हॉल्व्हची टिकटिक नाही, साखळीची खरखर नाही, सायलेन्सरची फुसफुस नाही. त्यासाठी कितीदा तरी बॉनेट उघडून फीलर गेजची पाती आत-बाहेर केलेली असतात.

माझे एक ठाम मत इथे सांगितलेच पाहिजे. ट्रेलरवरून आलेल्या आणि ट्रेलरवरून गेलेल्या गाडीपेक्षा चालवत आणलेली गाडी मला अधिक मोलाची वाटते, मग तिच्या मडगार्डखाली चिखलाचे शिंतोडे का असेनात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी मालिका आणली. राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे कायद्यानेही तिचे चालणे मान्य केले. नव्या नंबरप्लेटच्या शेजारी मूळ मुंबई राज्याच्या काळातली, बी आणि एम अक्षरांनी सुरू होणारी जुनी पाटी कुणी आत डॅशबोर्डवर जपून ठेवलेली दिसली की तो मालक मला लगेच जवळचा वाटतो.

एवढे पाहून झाले की मेळाव्याचा दुसरा अर्धा भाग पाहायला निघावे, आणि तो हॉर्निमन सर्कलला नसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला १९५५ पासून जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, इंग्लंडमध्ये ब्यूलीला १९६७ पासून. तिथे प्रदर्शनाइतकाच दबदबा सुट्या भागांच्या बाजाराचा. मैदानभर मेजांवर गंजलेले कार्ब्युरेटर, दिव्यांच्या काचा, जुनी माहितीपुस्तके. आपल्याकडे हा बाजार एका दिवशी एका मैदानात मांडत नाहीत. तो बारा महिने पसरलेला आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात, पुण्याच्या बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. मेळाव्यातल्या प्रत्येक चकचकीत गाडीचा एखादा तरी भाग तिथून आलेला असतो.

या बाजारातही रसिकतेने पाहावे लागते. क्रोमचा तुकडा हातात घेतला की आधी वजन पाहावे. जुना माल जड असतो, नंतर ओतलेली नक्कल हलकी. मग उलटा करून मागची बाजू पाहावी. समोरून सारखी दिसणारी दोन हँडले मागून वेगळी असतात. मूळ हँडलच्या मागे ओतकामाची खूण, भागाचा क्रमांक, कधी कारखान्याचे चिन्ह. मडगार्ड घ्यायचे असेल तर कापडात गुंडाळलेला लोहचुंबक त्यावरून फिरवावा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मुरलेला दुकानदार हे सगळे पाहत बसतो, मध्ये बोलत नाही. गिऱ्हाइकाने चुंबक खिशात घातला की मगच भाव सांगतो, आणि पारख असलेल्याला सांगितलेला भाव पहिल्यापासूनच वेगळा असतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याआधीची कितीतरी वर्षे डिलाइट आणि पद्मिनी जपणाऱ्यांना या टॅक्सींचाच आधार होता. एक टॅक्सी मोडीत निघाली की तिची दारे, काचा, स्टिअरिंगचा खांब, इंजिनाचा ठोकळा असे सगळे कुठल्या ना कुठल्या गाडीला लागत असे. बॉनेटच्या बाजूला बाहेर बसवलेला तो लोखंडी मीटरही आता हौशी माणसे शोधतात. हा झरा आटला, म्हणून आता कारागिराला पुन्हा मान आला आहे. जुना झिजलेला बुश घेऊन लेथवाल्याकडे गेले की तो आधी कॅलिपर लावतो, मग आट्यांवर गेजची पाती टेकवून पाहतो, आणि झिजण्यापूर्वी माप किती असेल ते उरलेल्या कडेवरून ठरवतो. फियाटच्या आट्या मिलिमीटरच्या, जीपच्या आणि मॉरिसच्या इंचाच्या, हे त्याला सांगावे लागत नाही. पितळेची दांडी चकात आवळून तो पहिला काप घेतो, पुन्हा मोजतो, आणि शेवटचा काप इतका बारीक घेतो की निघालेली कात वाऱ्याने उडून जाते.